पाटावरचं रिव्हॉल्व्हर

आमच्या घराण्यात तीन पिढ्या शस्त्राचा परवाना आहे आणि तीन पिढ्यांत मिळून आम्ही एकही गोळी झाडलेली नाही. हे मी अभिमानाने सांगतोय की ओशाळून, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. आजोबा बडोदे संस्थानच्या खजिन्यात होते, तेव्हा त्यांच्याकडे हे रिव्हॉल्व्हर आलं. त्यांच्यानंतर ते बाबांकडे आलं. त्याला वर्षातून एकच दिवस काम असे. खंडेनवमीच्या सकाळी ते कपाटातून निघायचं, पाटावर बसायचं, हळदीकुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल स्वीकारायचं आणि संध्याकाळी पुन्हा कपाटात जायचं. इतकी हलकी नोकरी आमच्या घरात दुसऱ्या कुणालाही मिळाली नाही.

दीड वर्षापूर्वी बाबा गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "दामू, खंडेनवमीला पाट रिकामा ठेवू नको." बाकी काहीही सांगितलं नाही. माणसाचं शेवटचं मागणं इतकं छोटं असलं की ते मोडता येत नाही, कारण मोडायला सबबच सापडत नाही. मी "नाही ठेवणार" म्हटलं, आणि माझं सगळं पुढचं वर्ष त्या दोन शब्दांत गेलं.

बाबा गेल्यावर नियमाप्रमाणे रिव्हॉल्व्हर रावपुऱ्यातल्या प्रतापसिंहांच्या शस्त्रांच्या दुकानात जमा करावं लागलं. पहिल्या वर्षी घरात सण नव्हते, त्यामुळे पाटाचा प्रश्न आला नाही. तेवढ्या वेळात मी परवाना माझ्या नावावर करून घ्यायच्या मागे लागलो.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी दामोदर पोतनीस. कोयलीला रिफायनरीच्या आसपास जे लहानमोठे कारखाने आहेत, त्यांपैकी एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं तपासनीस होतो. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक व्हॉल्व्हवर माझी सही लागायची. मी सही केली नाही की ट्रक दारात उभा राहायचा, आणि तो जितका वेळ उभा राहील तितका वेळ मालकापासून हमालापर्यंत सगळे माझ्याकडे सासऱ्याकडे बघावं तसे बघायचे. निवृत्त झालो आणि दुसऱ्या दिवसापासून जगात कुणाला माझ्याकडून काही तपासून नको झालं. घरात भेंडी आणली तरी नीरा म्हणते, "तुम्ही हात लावू नका, तुम्ही अर्धी नापास करता." नीरा ही माझी बायको. तिचं म्हणणं चुकीचं नाही, मी अर्धी नापास करतो, पण ती भेंडी नापास असतेच.

परवान्याच्या अर्जात एक ओळ होती : शस्त्र कशासाठी हवे? मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'कुलाचार'. टेबलामागच्या बाईंनी ते दोनदा वाचलं.

"काका, आ शुं छे? कोणाकडून जोखम छे का तुम्हाला?"

"नाही. कुणाकडूनच नाही."

"धमकी? जमिनीचं लफडं?"

"जमीन असती तर लफडं असतं."

त्या हसल्या. बाई फार समजूतदार होत्या, त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तर मग 'आत्मसंरक्षण' लखी नाखो ने. बधा एज लखे छे." सगळे तेच लिहितात म्हटल्यावर मीही तेच लिहिलं. मनात मात्र खटकलं. चौतीस वर्षं मी लोकांच्या कागदांवरचं खोटं पकडत आलो होतो आणि इथे स्वतःच्या कागदावर शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो होतो.

मग डॉक्टरांचा दाखला झाला, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण झालं. त्यात माझ्याशिवाय सगळे तिशीचे होते आणि शिकवणारा मला दर पाच मिनिटांनी "दादा, बसवुं छे?" असं विचारायचा. एकदा आमच्या वासण्याच्या सोसायटीत चौकशीसाठी साध्या वेशातले एक गृहस्थ आले. त्यांनी वॉचमनला विचारलं, "पोतनीस माणूस कसे आहेत?" वॉचमन म्हणाला, "लिफ्टची घंटी बराबर वाजती नथी एम रोज कम्प्लेन करे छे." एवढ्यावर मी निरुपद्रवी ठरलो.

पण सोसायटीत बातमी पसरली. पोतनीस काका बंदूक घेणार! आणि एक चमत्कार झाला. आमच्या शेजारचा हार्दिक गेली सहा वर्षं त्याची गाडी माझ्या पार्किंगच्या पट्ट्यावर चार बोटं आत लावायचा. मी त्याला तोंडी सांगितलं होतं, चिठ्ठी लिहिली होती, खडूने रेघ आखली होती. बातमी फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी पट्ट्यापासून हातभर लांब उभी होती. चिटणीस, जे माझ्या तक्रारींना नुसता अंगठा दाखवायचे, ते लिफ्टच्या घंटीसाठी माणूस घेऊन स्वतः आले. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली. अजून रिव्हॉल्व्हर घरात यायचं होतं, तोवर ही स्थिती.

मला ते आवडलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडलं. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा लोक मला घाबरत होते आणि मी जिना जरा सावकाश उतरू लागलो होतो.

हार्दिकने सल्लेही दिले. तो वाईट नाही, मदतीला धावून येतो, फक्त गाडी घेऊन आत येतो एवढंच. "अंकल," तो म्हणाला, "पूजाच करवी छे ने? ऑनलाइन मस्त लायटर मळे छे, असल रिव्हॉल्व्हर जेवुं. चाप दाबला की ज्योत. दिवाही त्यानेच लावायचा! टू इन वन."

"देवासमोर सिगारेटचा लायटर ठेवू?"

"भगवानने क्यां खबर पडशे?"

मी त्याला म्हटलं, देवाला नाही पडली तरी मंदाकिनी आत्याला पडेल. मंदाकिनी आत्या ही बाबांची धाकटी बहीण. वय त्र्याऐंशी, राहणार रावपुरा, लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं आणि अजून सगळ्या बडोद्याला आपली शाळा समजते. एकही खंडेनवमी तिने चुकवलेली नाही. पाटावरच्या रिव्हॉल्व्हरची पूजा सुरुवातीपासून तिच्याच हातची. बाबा फक्त बाजूला उभे असायचे.

परवाना हातात आला. त्यावर शस्त्र खरेदी करायची मुदत होती आणि ती नेमकी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी संपत होती. तोवर घेतलं नाही तर सगळे कागद पहिल्यापासून. म्हणजे पाट रिकामा.

मी प्रतापसिंहांच्या दुकानात गेलो तेव्हा माझ्या डोक्यात जुनंच रिव्हॉल्व्हर सोडवून आणायचं होतं. प्रतापसिंह रुबाबदार गृहस्थ, मिशांना पीळ, बोलणं मात्र मऊ. मागच्या बाजूला त्यांचा कारागीर धनाजीराव खिडकीपाशी बसलेला असे. त्याचे हात बघून मला पहिल्यांदाच बरं वाटलं. कामाच्या माणसाचे हात मी ओळखतो.

धनाजीरावाने जुनं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, गोळ्या बसतात ती चक्री बाहेर काढायला गेला तर ती निघेना. त्याने तेल सोडलं, लाकडी हातोडीने हलकेच टकटक केली, आणि चक्री एकदम सुटून बाहेर आली. टेबलावर तांदूळ सांडले.

"पोतनीस साहेब," प्रतापसिंह म्हणाले, "आ तो कोठार छे!"

सहाच्या सहा भोकांत तांदूळ होते. काही पिवळट, काही कुंकवाने काळपट लाल, तळाशी पार भुगा झालेले. नळीतसुद्धा होते. धनाजीरावाने एक काडी घालून ते हळूहळू बाहेर काढले, तीस-चाळीस मिनिटं तो नुसता काढत होता. शेवटी वाळलेली झेंडूची पाकळीही निघाली.

"पूजेच्या अक्षता आहेत," मी म्हटलं. "वरून पडल्या असणार."

धनाजीरावाने मान हलवली. "पडलेल्या नाहीत, साहेब. पडतील तर चार पडतील, सहा पडतील. ह्या कोणीतरी दाबून भरल्यात. बोटानं. हे बघा, थरावर थर आहेत."

मी भिंग लावून बघितलं. खरोखर थर होते. तपासनीसाच्या नजरेतून सांगायचं तर दोष अपघाती नव्हता, पद्धतशीर होता. पण कुणी आणि कशासाठी, ते मला सुचेना. कुंकू आणि ओल यांनी नळी आतून खाऊन टाकली होती. धनाजीराव म्हणाला, हे आता कामाचं नाही, पोलिसात जमा करून टाका. एकही गोळी न उडवता आमचं रिव्हॉल्व्हर वापरून संपलं होतं.

त्याने ते सगळे तांदूळ वर्तमानपत्राच्या कागदात बांधले आणि माझ्या हातात दिले. "घरचे आहेत, फेकवत नाहीत." मी पुडी खिशात घातली. घरी नीराने धुवायला टाकताना खिसा तपासला, पुडी उघडून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता देवघरातल्या कोनाड्यात ठेवून दिली. एकत्र बत्तीस वर्षं राहिल्यावर माणूस प्रश्न निवडून विचारतो.

तर आता नवीन घेणं भाग होतं. प्रतापसिंहांनी एक छोटं, तळहातात मावेल असं नवं रिव्हॉल्व्हर काढून काचेवर ठेवलं. "लेटेस्ट. हलकं. खिशात मावतं. पॅक करू?"

मी म्हटलं, "तपासून घेतो."

"हो हो, बघा ने."

मी माझी कारखान्यातली पिशवी उघडली. जाडी मोजायचं व्हर्नियर, फटी मोजायच्या पात्या, भिंग, टॉर्च, पांढरे हातमोजे, पांढरा रुमाल आणि सत्तावीस मुद्द्यांचा तपासणी तक्ता, चार प्रतींत. व्हॉल्व्हचाच तक्ता होता, मी दोन रात्री बसून रिव्हॉल्व्हरसाठी बदलला होता. प्रतापसिंहांचा हात मिशीवर गेला आणि तिथेच राहिला.

पहिला नग सातव्या मुद्द्यावर नापास झाला. मुठीच्या स्क्रूच्या खाचेला पेचकस घसरल्याची खूण होती. "साहेब, ए तो मुठीखाली झाकाय छे," प्रतापसिंह म्हणाले. मी म्हटलं, झाकलेल्या जागी जो घसरतो तो उघड्यावरही घसरतो. दुसरा नग चौदाव्या मुद्द्यावर गेला. चक्री बंद केल्यावर किंचित डुगडुगत होती, आणि सहापैकी एका भोकापाशी फट बाकीच्यांपेक्षा जास्त होती. तिसऱ्यावरचे आकडे वाकडे ठोकले होते. त्याने गोळी वाकडी जात नाही हे मलाही कळतं, पण शेवटचं काम ज्याने कंटाळून केलं त्याने मधलं कसं केलं असेल, ही शंका मला कायम येते.

तीन आठवड्यांत मी पाच वेळा गेलो. प्रतापसिंह चहा सांगायचे, मग चहा सांगायचे बंद झाले. एकदा ते कळवळून म्हणाले, "पोतनीस साहेब, वीस वर्षं दुकान चालवतोय. लोक येतात, हातात घेतात, आरशात बघतात आणि एकच विचारतात, 'आवाज मोठो आवशे ने?' तुम्ही पहिले, जे आरशात बघत नाहीत."

खोटं कशाला बोलू, एकदा बघितलं होतं. ते चहाला आत गेले तेव्हा.

धनाजीराव मात्र माझ्या बाजूला झाला होता. तो आपलं काम ठेवून माझ्याशेजारी येऊन बसायचा, पाती सरकवताना श्वास धरायचा, आणि मी एखादा नग बाजूला सारला की हळूच म्हणायचा, "बराबर." निवृत्त झाल्यापासून हा शब्द मला कुणी म्हटला नव्हता. खरं सांगायचं तर मी रिव्हॉल्व्हरसाठी किती वेळा गेलो आणि त्या 'बराबर'साठी किती वेळा, ते मला वेगळं काढता येणार नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी नवा माल आला. पेटीतला पहिलाच नग मी हातात घेतला. स्क्रू निर्दोष. चक्री घट्ट, सहाही ठिकाणी फट सारखी. घोडा मागे ओढल्यावर चक्री जिथे थांबायला हवी तिथेच थांबत होती, एकदाही कमीजास्त नाही. नळीत टॉर्च मारला तर आत स्वच्छ उजेड. पांढरा रुमाल फिरवला, डाग नाही. सत्तावीसही मुद्द्यांपुढे मी बरोबरची खूण केली. चौतीस वर्षांत असं फार तर दहाबारा वेळा झालं असेल. मला भरून आलं. ज्याने कुणी ते बनवलं होतं त्याला शोधून हात मिळवावा असं वाटलं.

"तर मग?" प्रतापसिंह उभेच राहिले. धनाजीरावाने पेन पुढे केलं.

मी सही करायला तक्ता उलटला आणि माझं लक्ष सगळ्यात वरच्या रकान्याकडे गेलं. मुद्दे सुरू व्हायच्या आधी तो असतो. व्हॉल्व्हच्या तक्त्यावरही तोच पहिला. 'वस्तू कोणत्या कामासाठी?' वाफेसाठी, पाण्यासाठी, आम्लासाठी. तो भरल्याशिवाय पुढची तपासणी सुरूच करायची नसते. मी तीन आठवडे तो मोकळा ठेवून खाली सत्तावीस मुद्दे तपासत बसलो होतो.

"लखो ने काही पण," प्रतापसिंह म्हणाले. "आत्मसंरक्षण."

मी पेन टेकवलं, पण लिहवेना. आयुष्यात मी एकदाच तो रकाना मोकळा ठेवून सही केली आहे. बरीच वर्षं झाली. दिवाळीच्या आधीची घाई होती, ट्रक दारात होता, आणि मालक म्हणाले, पोतनीस, नंतर भरा. व्हॉल्व्ह पाण्यासाठीचा होता, तो आम्लाच्या नळावर बसला. आमच्याच गावचा नंदू म्हणून फिटर होता, त्याचा उजवा हात भाजला. चौकशीत व्हॉल्व्ह माझ्यासमोर ठेवला होता. मी तो पुन्हा सगळा तपासला, आणि त्यात काहीही दोष नव्हता. व्हॉल्व्ह उत्तम होता. नंदू पुढे डाव्या हाताने सही करायला शिकला आणि मला भेटला की डावा हातच पुढे करायचा. तो कधी एका शब्दाने बोलला नाही. ते मला अजून सोसत नाही.

म्हणून मी त्या दुकानात पेन धरून मनाशी खरंखरं उत्तर शोधू लागलो. आत्मसंरक्षण? कुणापासून? मला जोखीम होती ती हार्दिकच्या गाडीपासून, चार बोटं. पूजेसाठी? पूजेला इतकी अचूक फट कशाला लागते? लोकांनी घाबरावं म्हणून? तिथे माझा हात थांबला. खरं उत्तर त्याच्या आसपास कुठेतरी होतं. आणि समोर ठेवलेली वस्तू इतकी निर्दोष होती, की जे काम सांगाल ते तिने बिनचूक केलं असतं.

"प्रतापसिंहजी," मी म्हटलं, "माल उत्तम आहे. मला नको."

प्रतापसिंह खुर्चीवर बसले. म्हणाले, "साहेब, आजे मुद्दत पूरी."

"माहीत आहे."

धनाजीरावाने रिव्हॉल्व्हर उचलून पेटीत ठेवलं. मग तो म्हणाला, "साहेब, हा कागद ठेवून जाता? भिंतीला लावतो." मी एक प्रत दिली. तो दारापर्यंत आला, आणि मी पायरी उतरताना मागून म्हणाला, "बराबर." त्या दिवशी मात्र त्याने मला बरं वाटलं नाही. रिक्षात बसलो आणि मला बाबांचा आवाज आठवला. पाट रिकामा ठेवू नको. एवढं एकच मागितलं होतं.

घरी आल्यावर नीराला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कधीच नको होतं ते घरात."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही कितीतरी दिवसांनी पिशवी घेऊन बाहेर जात होतात."

खंडेनवमीच्या सकाळी आंघोळ करून मी पाट मांडला. रांगोळी नीराने काढली. पाटावर लाल कापड घातलं आणि मी त्या रिकाम्या कापडाकडे बघत उभा राहिलो. माझं व्हर्नियर ठेवावं असं मनात आलं, पण ते माझं होतं, बाबांचं त्यात काही नव्हतं. मग कोनाड्यातली पुडी दिसली. मी चांदीच्या वाटीत ते तांदूळ ओतले, काळे, लाल, पिवळे, भुग्यासकट, आणि वाटी पाटाच्या मधोमध ठेवली. निदान ह्यांना बाबांचा हात लागला असेल, एवढाच माझा विचार होता.

दहा वाजता मंदाकिनी आत्या रिक्षातून उतरली. लिफ्टची घंटी वाजली हे तिने पहिल्यांदा नमूद केलं. मग देवघराशी आली आणि पाटाकडे बघून थांबली.

"दामोदर, हे काय?"

मी पूर्ण भाषण तयार केलं होतं, कारणांसकट. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. "आत्या, नवीन नाही आणलं मी. जुनं गेलं. हे त्यातून निघालेत. चक्रीतून, नळीतून. कुणीतरी दाबून भरले होते, थरावर थर. बाबांनी पाट रिकामा ठेवू नको म्हटलं होतं, आणि मी..."

आत्या खाली बसली. तिने वाटीत बोट घालून तांदूळ चाळवले. मला वाटलं आता शाळा भरणार. पण ती हसायला लागली, आवाज न करता, आणि तिचे डोळे भरून आले.

"दाबून भरलेत ते मीच," ती म्हणाली. "दरवर्षी."

"तू? कशाला?"

"संस्थान गेलं तेव्हा आप्पांचं खजिन्यातलं काम गेलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. दुपारी सगळे निजले की आप्पा ते रिव्हॉल्व्हर मांडीवर घेऊन बसायचे. काही करायचे नाहीत, बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. कुणावर राग होता, काय मनात होतं, कुणी विचारलंच नाही रे. तेव्हा कुणी कुणाला विचारायचं नाही. मला फार भीती वाटायची. मग त्या वर्षी खंडेनवमीला पूजा मी करते म्हटलं, आणि अक्षता आत कोंबल्या. मंतरलेल्या अक्षता आत असल्या की ते उडणार नाही, अशी माझी समजूत."

"आणि नंतरही? आजोबा गेल्यावरसुद्धा?"

"नंतर दादा होता की. त्याच्या नोकरीचे, आजारपणाचे दिवस काय थोडे होते? मग सवय लागली. भीती जाते, सवय राहते."

मी विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? पहिल्या वर्षी तोच तर पहाऱ्याला होता. बारा-तेरा वर्षांचा. मी भरत होते आणि तो दाराकडे तोंड करून उभा होता, आप्पा येतायत का बघायला. पुढे येणारं कुणी उरलं नाही, पण तो तसाच उभा राहायचा. शेवटच्या वर्षीसुद्धा काठी धरून उभा होता. 'आटप, मंदा' म्हणायचा."

मला आठवलं. बाबा पूजेच्या वेळी नेहमी पाठमोरे असायचे. मला लहानपणापासून वाटत आलं होतं की त्यांचा पूजेवर विश्वास नाही.

आत्याने डोळे पुसले आणि तबकातल्या ताज्या अक्षता मुठीत घेतल्या. "नवीन आणलं असतंस, तरी त्यातही कोंबल्या असत्या मी," ती म्हणाली. "किती का भारी असेना." मग वाटी जवळ ओढली आणि माझ्याकडे बघितलं. "तू असा काय उभा राहिलास? तिकडे बघ."

मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. मागे वाटीत तांदूळ पडल्याचा आवाज येत होता, आणि समोर उघड्या दारातून हार्दिक आत डोकावत होता, हातात गाडीची किल्ली, पायात चपला तशाच.

"अंकल, आवी गयुं? बघू द्या ने!"

मी हात आडवा केला आणि त्याला हळूच म्हटलं, "पाच मिनिटं थांब. आत्या भरतेय."